होकायंत्र फसते तो डोंगर

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, हे आपण पाचवी-सहावीपासून शिकवत आलो आहोत. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्काय नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण भागात कूलिन नावाची डोंगररांग आहे. तेथे धुके दाटले आणि गिर्यारोहकाने सुईवर विश्वास ठेवला, तर तो चुकीच्या उतारावरून कड्याच्या टोकाशी जाऊ शकतो. धार अनेक ठिकाणी दोन पावले मावतील इतकीच रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना कित्येक फूट खोल दरी आहे. सुई बिघडलेली नसते. पायाखालच्या खडकातच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते आणि ते सुईला आपल्याकडे ओढते.

ही रांग चढणारी माणसे गेली पावणेदोनशे वर्षे या खडकाशी झुंजत आली. त्या झुंजीतून गिर्यारोहणाचा इतिहास घडला आणि विज्ञानाचाही.

खडकाची गोष्ट

मुख्य कूलिनची धार सुमारे 12 किलोमीटर लांब आहे. तीन हजार फुटांहून, म्हणजे 914 मीटरहून उंच अशी 11 शिखरे तिच्यावर आहेत. सर्वांत उंच स्गूर अलास्डेअर 992 मीटर आहे. आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर. मग या ‘टेकड्यांचे’ एवढे कौतुक कशासाठी? एक तर त्या जवळजवळ समुद्रसपाटीपासून उठतात. दुसरे म्हणजे धारेवर चालताना ठिकठिकाणी हातांचा आणि दोराचाही उपयोग करावा लागतो.

सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी येथे मोठा ज्वालामुखी होता. आजची कूलिन रांग हा त्या ज्वालामुखीचा डोंगर नव्हे. त्याच्या पोटात, जमिनीखाली साठलेला शिलारस सावकाश थंड झाला आणि त्यापासून गॅब्रो हा खडक तयार झाला. वरचे आवरण झिजून गेल्यावर तो उघडा पडला. सावकाश थंड झाल्यामुळे गॅब्रोचे स्फटिक मोठे असतात. त्याचा पृष्ठभाग इतका खरखरीत असतो की बुटाला उत्तम पकड मिळते. हाताची कातडी मात्र सोलून निघते.

या गॅब्रोला पडलेल्या भेगांतून नंतर बेसाल्टचा रस वर आला आणि तेथेच गोठला. अशा उभ्या पट्ट्यांना डाइक म्हणतात. हा बेसाल्ट पावसात निसरडा होतो आणि गॅब्रोपेक्षा लवकर झिजतो. त्यामुळे जेथे डाइक आहे तेथे धारेला खाच पडली आहे. थिअर्लाख-डू गॅप ही प्रसिद्ध अवघड खाच अशीच बनली. याच्या उलट धुळे-नंदुरबार भागात डाइक भिंतींसारखे उभे दिसतात, कारण तेथे शेजारचा खडक त्यांच्यापेक्षा लवकर झिजला. खडक ‘कठीण’ की ‘मऊ’ हे शेजारी कोण आहे त्यावर ठरते!

एकच डोंगर, दोन भेटी

स्गूर नान गिलियन हे 964 मीटर उंचीचे शिखर 1836 साली प्रथम सर झाले. चढणारे होते एडिंबरा विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक जेम्स डेव्हिड फोर्ब्स. त्यांच्याबरोबर डंकन मॅकिंटायर हे स्थानिक वाटाड्या होते.

त्या वेळी हिमयुगाची कल्पना शास्त्रज्ञांपुढे नीट मांडलीही गेली नव्हती. लुई अगासी यांनी ती 1837 साली स्वित्झर्लंडमध्ये मांडली. 1841 मध्ये फोर्ब्स त्यांच्याबरोबर आल्प्समधील हिमनदीवर राहिले आणि पुढे त्यांनी स्वतः हिमनद्यांची गती मोजली. 1845 मध्ये ते पुन्हा स्कायला आले. घासून गुळगुळीत झालेले खडक, त्यांवरील समांतर ओरखडे, उंचावर अडकून राहिलेले धोंडे हे सारे त्यांनी टिपले आणि कूलिनच्या दऱ्यांत एके काळी हिमनद्या होत्या, असा निष्कर्ष काढला. डोंगर नऊ वर्षांत बदलला नव्हता. आल्प्समध्ये काय पाहायचे ते शिकलेले डोळे मात्र आता सोबत होते.

वाद कड्यावर मिटतो

शतकाच्या अखेरीस दोन नामवंत भूवैज्ञानिकांत या खडकांवरून वाद पेटला. कूलिनला लागूनच ग्रॅनाइटच्या तांबूस, गोलसर टेकड्या आहेत. जॉन वेस्ली जड यांच्या मते ग्रॅनाइट आधीचा आणि गॅब्रो नंतरचा. आर्चिबाल्ड गायकी यांच्या मते नेमके उलटे.

निर्णय कसा करायचा? कसोटी साधी आहे. एका खडकाचे फाटे दुसऱ्या खडकात घुसलेले दिसले, तर घुसणारा खडक नंतरचा. पण त्यासाठी दोन खडक जेथे भेटतात ती जागा स्वतः जाऊन पाहावी लागते. 1895 पासून केंब्रिजचे आल्फ्रेड हार्कर यांनी काही वर्षे ही रांग अक्षरशः पायाखाली घातली आणि एका मैलाला सहा इंच या प्रमाणावर खडकांचा नकाशा केला. ग्रॅनाइटच गॅब्रोत घुसलेला होता. गायकींचे म्हणणे खरे ठरले. हार्कर यांचा ग्रंथ 1904 साली प्रसिद्ध झाला.

रसायनशास्त्रज्ञ आणि वाटाड्या

नॉर्मन कॉली हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सेंद्रिय रसायनाचे प्राध्यापक होते. 1886 मध्ये ते स्कायला मासेमारीसाठी आले असता दोन गिर्यारोहकांना कड्यावर चढताना त्यांनी पाहिले आणि तारेने दोर मागवून घेतला. पहिले प्रयत्न फसले. मग जॉन मॅकेंझी या स्थानिक वाटाड्याने वाट सुचवली आणि शिखर हाती आले. ही मैत्री जन्मभर टिकली.

सरकारी नकाशात कूलिनच्या शिखरांची नोंद तेव्हा अपुरी होती. कॉलींनी वायुभारमापक खांद्यावर घेऊन उंच्या मोजल्या. स्रोन ना खीख या प्रचंड कड्यावर 1899 मध्ये त्यांना एक लांब सावली दिसली. समोरून पाहता कडा सपाट वाटत होता. पण सपाट भिंतीला सावली कोठून येणार? तेथे बाहेर आलेला सुळका असलाच पाहिजे, हे त्यांनी ताडले. 1906 मध्ये कॉली आणि मॅकेंझी त्या सुळक्यावर चढले. आज तो ‘कीख’ नावाने प्रसिद्ध आहे.

या कथेत आपल्या हिमालयाचाही एक धागा आहे. 1895 मध्ये कॉली नंगा पर्बतच्या मोहिमेवर होते. तेथे ममरी आणि त्यांच्याबरोबरचे रघुबीर थापा व गोमान सिंग हे दोन गुरखे बेपत्ता झाले. ते परतलेच नाहीत. चार वर्षांनी, 1899 मध्ये, चार्ल्स ब्रूस यांच्याबरोबर हरकबीर थापा हा गुरखा सैनिक स्कायला आला. स्लिगाखनच्या खानावळीपासून ग्लामेग या 775 मीटर उंच टेकडीच्या माथ्यावर जाऊन तो परत आला. पायांत काही नव्हते आणि वेळ लागला 55 मिनिटे! जाताना 37, येताना 18. त्याच्या आठवणीने ग्लामेगवर आजही धावण्याची शर्यत होते.

संपूर्ण धार एका दिवसात प्रथम पार केली ती 1911 मध्ये शॅडबोल्ट आणि मॅक्लॅरन यांनी. पहिल्या शिखरापासून शेवटच्या शिखरापर्यंत त्यांना 12 तास 18 मिनिटे लागली. 2013 मध्ये फिन्ले वाइल्ड यांनी तेच अंतर तीन तासांच्या आत कापले. पण पहिल्यांना ती वाट शोधायची होती, हे विसरून चालणार नाही.

नावे कोणाची?

सर्वोच्च शिखर 1873 मध्ये अलेक्झांडर निकल्सन यांनी सर केले. ‘अलास्डेअर’ हे त्यांच्याच नावाचे गेलिक रूप. बरोबर मॅक्रे नावाचे मेंढपाळ होते. त्यांच्या नावाचे शिखर नाही. फोर्ब्सना वाट दाखवणाऱ्या मॅकिंटायरचेही नाही. मेंढपाळ, शिकारी, वाटाडे यांचे ज्ञान अभ्यासकांच्या लेखांत उतरले, पण नाव बहुधा अभ्यासकाचेच राहिले. आपल्याकडच्या सर्वेक्षणांतही वाटाड्यांचे असेच झाले.

मॅकेंझी मात्र अपवाद ठरले. ‘स्गूर विख खोनिख’ म्हणजे मॅकेंझींचे शिखर. मॅकेंझी 1933 मध्ये वारले, कॉली 1942 मध्ये. कॉलींच्या इच्छेनुसार दोघांच्या कबरी स्कायमध्ये शेजारी शेजारी आहेत. 2020 मध्ये स्लिगाखनला दोघांचा एकत्र पुतळा उभा राहिला. प्राध्यापक आणि वाटाड्या एकाच चौथऱ्यावर असणे ही दुर्मीळच गोष्ट म्हणायची.

पुढच्या सहलीला विद्यार्थ्यांना किल्ल्यावर नेताना एक होकायंत्र आणि एक लोहचुंबक जरूर न्या. आपला बेसाल्टही ज्वालामुखीचाच. ओढ्यातली काळी वाळू चुंबकाला चिकटते ती त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे. होकायंत्र आधी मोकळ्या जागी ठेवा, मग कातळाला टेकवा. सुई किती अंश हलते, हलते की नाही, याची नोंद मुलांनाच करू द्या. आणि वाट दाखवायला गावातला कोणी आला असेल, तर वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव लिहायला सांगा.