विलायतेचे वळण

श्रोतेहो, विलायतेला गेलेला माणूस बदलून येतो, असे आपण म्हणतो. पण बदलते काय? पागोटे जाते, हॅट येते. हे वरवरचे झाले. खरा बदल पंगतीत दिसतो.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेस गेले. तिथे बॅरिस्टर व्हायला नुसती परीक्षा पुरत नसे. संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक जेवणेही सर्वांबरोबर घ्यावी लागत. शेजारच्याची जात तिथे कोण विचारणार?

१९२६ साली ते परतले. हे वळण त्यांनी बोटीवर टाकून दिले नाही. घरोघरी मूठमूठ धान्य मागून त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत. १९२७ साली स्वतः आंतरजातीय विवाह केला. पुढे जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या केल्या.

सारे श्रेय विलायतेचे नव्हे; सत्यशोधक विचार वऱ्हाडात आधीच पोचला होता. विलायतेने त्याला सवयीची जोड दिली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांचेच नाव सांगते.

तेव्हा मंडळी, परदेशाहून कोणी गावी आला, तर त्याचे बूट पाहू नका. पंगतीत तो कुणाशेजारी बसतो, तेवढे पाहा.