अल्झायमर रक्तात दिसतो का?

समजा, कोल्हापुरात मंगळवार पेठेत दुकान चालवणारे ४८ वर्षांचे काका आहेत. हिशेब चुकायला लागलाय, क्यूआर कोडवर आलेले पैसे गिऱ्हाइकाकडे पुन्हा मागतात. घरचे म्हणतात, टेन्शन असेल. बऱ्याचदा तसंच असतं. पण अल्झायमर ६५ च्या आतही होतो, आणि अशा वेळी कधीकधी विसरभोळेपणाच्या आधी हिशेब, शब्द किंवा अंतराचा अंदाज बिघडतो. त्यामुळे निदान लांबतं. इथे बायोमार्कर कामाला येतात.

बायोमार्कर म्हणजे मोजता येणारी आजाराची खूण. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड प्रथिन साचतं आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो. अमायलॉइड मेंदूतच अडकून बसल्याने मणक्यातल्या पाण्यात ‘अबीटा ४२’ कमी सापडतं, टाऊ मात्र वाढतं. रक्तात सध्या सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ‘पी-टाऊ २१७’. ‘एनएफएल’ सुद्धा रक्तात मोजतात, पण मज्जातंतूंची मोडतोड कशानेही झाली तरी ते वाढतं. नुसत्या त्यावरून आजाराचं नाव कळत नाही.

या खुणा किती आधी दिसतात हे वाचून दचकायला होतं. पीएसईएन १, पीएसईएन २ किंवा एपीपी जनुकातल्या बदलामुळे काही मोजक्या कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणं अपेक्षित असलेल्या वयाच्या साधारण २५ वर्षं आधी मणक्यातल्या पाण्यातलं अबीटा ४२ उतरू लागलं होतं, १५ वर्षं आधी टाऊ वाढलं होतं.

मग काकांची रक्ततपासणी ऑनलाइन बुक करायची का? थांबा. अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ वर आधारलेल्या रक्ततपासणीला परवानगी दिली, पण ती लक्षणं असलेल्यांसाठीच, आणि पन्नाशीच्या आतल्यांसाठी नाहीच. शिवाय किडनीचा आजार असला तरी पी-टाऊ २१७ वाढलेलं दिसतं. आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा. यांच्या कमतरतेनेही डोकं चालेनासं होतं आणि त्यावर उपचार आहेत. मग न्यूरोलॉजिस्ट, एमआरआय, आणि त्यांनी सांगितलं तर मणक्यातलं पाणी किंवा पेट स्कॅन.

घरात दोन-तीन पिढ्यांत कमी वयात हे झालं असेल तर जनुक तपासणीचा विषय निघतो. बदल असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक मुलात येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून सुईच्या आधी समुपदेशन.