साक्षरता मोजता, पण कोणत्या भाषेत?

एटापल्ली तालुक्यातल्या शाळांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : माडियांची मुले वाचनात मागे आहेत. हे मागे असणे मोजले कशाने, ते आम्ही विचारतो.

२००५ पासून 'असर' सर्वेक्षणात मुलांपुढे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असा कागद ठेवतात. साधन सोपे आहे, उपयोगीही आहे. पण माडिया घरात पाण्याला 'येर' म्हणतात. 'पाणी' हा शब्द ज्या लेकराने शाळेतच पहिल्यांदा ऐकला, ते मराठी कागदावर अडखळले तर आपण वाचन मोजले की मराठी? माडिया द्रविड कुळातली भाषा आहे, मराठीची बोली नव्हे. अक्षरे जुळवून शब्द उच्चारला तरी अर्थ लागत नाही.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अहवाल १९३० चा. एटापल्ली मात्र तेव्हा मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे समितीच्या कक्षेबाहेर. पुढे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने कलम ३५०-क आले : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही तेच म्हटले, फक्त 'शक्य तोवर' जोडून. हे 'शक्य' कोण ठरवतो? २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१, गोंडी सांगणारे सुमारे ३० लाख. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण विभागाने ती बेकायदा ठरवली.

आमच्याच चळवळीतले काही मित्र विचारतात, गोंडीत शिकवून पोरांना जंगलातच ठेवायचे काय? शंका रास्त आहे. वनहक्काचा दावा मराठीत लिहावा लागतो. सुरजागडच्या खाणीची कागदपत्रे गोंडीत येत नाहीत. मराठी हवी, इंग्रजीही हवी. पण वाचणे म्हणजे काय हे मूल आपल्या भाषेत एकदा शिकले, की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा शिकावे लागत नाही. शिकायची उरते फक्त भाषा.

'निपुण भारत' २०२१ मध्ये सुरू झाले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे, मुदत २०२६-२७. या तालुक्यात त्याची तपासणी करताना मुलाला आधी माडियातली गोष्ट द्या, मग मराठीतली, आणि दोन्ही निकाल वेगळे लिहा. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना असू द्या : शिक्षकाला माडिया येते का?