‘श्यामची आई’ : एका बोधाचे रूपांतर

बोधपर चित्रपट म्हटले की रसिकांच्या कपाळी आठी पडते, आणि ती नेहमीच अकारण नसते. जो उपदेश कथेत मुरत नाही, तो वरून दिलेल्या लेपासारखा सुटून पडतो. तरीही, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची प्रथा १९५४ साली सुरू झाली तेव्हा कथापटांतील पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक एका बोधपर मराठी चित्रपटाला मिळाले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) हा तो चित्रपट.

मूळ पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. कोकणातील गरिबीकडे घसरत चाललेल्या घरात वाढलेला श्याम मोठेपणी आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. म्हणजे पुस्तकातील बोधाला सांगणारा आहे आणि ऐकणारेही आहेत. प्रसंग संपला तरी निवेदक थांबतो, गहिवरतो, त्याचा अर्थ उलगडतो. पडद्यावर एवढी उसंत नसते.

भाषांतराच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला येथेच या रूपांतराचे मर्म दिसते. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते आणि पुढे मारणारी तीच त्याची समजूत घालते. पुस्तकात हे शब्दांनी सांगता येते. पडद्यावर कठोरपणा आणि कळवळा एकाच चेहऱ्यावर उमटावा लागतो. वनमालाबाईंच्या चेहऱ्याने ते साधले, आणि माधव वझे यांच्या श्यामचा हट्टही खऱ्या मुलाचाच राहिला. चुकणारे मूल आधी दिसते, धडा मागून येतो; म्हणून तो धडा पचतो.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. संस्काराचा सारा भार येथे आईच्याच माथी आहे आणि तिचे सोसणे हाच तिचा गौरव ठरतो. कुटुंबाने एकत्र बसून हा चित्रपट पाहावा, तो या प्रश्नासह पाहावा. श्याम काय शिकला हे मुलाला विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, आईवर एवढे सोसण्याची वेळ का आली, हेही स्वतःला विचारले पाहिजे.

मुलांच्या चित्रपटांसाठी १९५५ साली बालचित्रपट संस्था स्थापन झाली. २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. २०२३ साली ही कथा नव्या चित्रपटाच्या रूपाने पुन्हा पडद्यावर आली. केवळ ‘मुलांसाठी’ असा शिक्का मारून जे निर्माण होते, त्यापेक्षा मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसालाही जे अस्वस्थ करते, तेच अधिक टिकते, असे या सत्तर वर्षांच्या इतिहासावरून म्हणावेसे वाटते.