परक्या आकाशातील परवाना

सन १९०९ च्या जुलै महिन्याच्या २५ व्या तारखेस लुई ब्लेरिओ हा फ्रेंच वैमानिक सूर्योदयाच्या सुमारास कॅले शहराजवळून निघाला आणि सुमारे ३७ मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरच्या किल्ल्याजवळ उतरला. या पराक्रमाचे जगाने कौतुक केले. परंतु त्यातून एक नवा प्रश्नही उभा राहिला. एका राष्ट्राच्या वैमानिकाने दुसऱ्याच्या भूमीवर कोणत्या अधिकाराने उतरावे आणि त्याच्या कौशल्याची हमी कोणी द्यावी, याविषयी सर्वमान्य नियमच तेव्हा नव्हता. पुढल्याच वर्षी पॅरिस येथे युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली. पण परक्या विमानांना कितपत मोकळीक असावी, यावर एकमत न होता ती विसर्जित झाली.

या वादाचा निकाल पहिल्या महायुद्धाने लावला. शहरांवर बाँब पडलेले पाहिल्यावर आपले आकाश मोकळे सोडण्यास कोणतेही राष्ट्र राजी नव्हते. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता मान्य केली. असे दार लावून घेतल्यावर प्रवासाची वाट मात्र खुली ठेवणे अवश्य होते. ते काम तेराव्या कलमाने केले. विमान ज्या राष्ट्राच्या दप्तरी नोंदलेले असेल, त्या राष्ट्राने ठरलेल्या नियमांनुसार दिलेला किंवा मान्य केलेला वैमानिकाचा परवाना इतर राष्ट्रांनीही वैध मानावा, असे ठरले. जहाजाची ओळख जशी त्याच्या निशाणावरून पटते, तशीच विमानाची त्याच्या नोंदीवरून पटते. आणि वैमानिकाचा परवाना त्या नोंदीशी बांधलेला असतो.

याच करारात आणखी एक कलम होते. ब्रिटिश डोमिनियन (स्वायत्त वसाहती) व हिंदुस्थान यांना या करारापुरते स्वतंत्र राज्य समजावे, असे चाळिसाव्या कलमात म्हटले होते. जमिनीवर जो देश पारतंत्र्यात होता, तो आकाशाच्या कायद्यात स्वतंत्र राज्यांच्या पंक्तीस बसला!

या मान्यतेला प्रत्यक्ष रूप येण्यास दहा वर्षे लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मुंबईत वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळाले. हिंदुस्थानात दिलेल्या अशा प्रमाणपत्रांत त्याचा क्रमांक पहिला होता. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० साली टाटा एका इंजिनाच्या लहानशा जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून पश्चिमेस निघाले. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून पूर्वेस येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगअभावी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यास दिले. पारितोषिक अस्पीने जिंकले. हाच तरुण १९६० साली भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे नवा करार झाला आणि ४ एप्रिल १९४७ पासून तो अमलात आला. त्याच्या ३२ व ३३ या कलमांत जुनेच तत्त्व कायम राहिले. भारतीय परवानाधारकाने ‘व्हीटी’ ही अक्षरे धारण करणारे भारतीय विमान परदेशी नेले, तर त्याचा परवाना तेथे मानला जातो. अर्थात त्या देशाच्या हद्दीत शिरण्याची परवानगी निराळी घ्यावी लागते. परंतु त्याच माणसाने अमेरिकेत जाऊन ‘एन’ अक्षराचे तेथील विमान भाड्याने घेतले, तर केवळ भारतीय परवान्यावर त्याचे भागत नाही. तेथील अधिकारी मूळ परवान्याची खात्री भारताकडून करून घेतात आणि त्याच्या आधारावर आपले प्रमाणपत्र देतात. मूळ परवाना रद्द झाला की त्या प्रमाणपत्रावर उडता येत नाही.

वैमानिक तोच, हात तेच, विद्याही तीच. मग हा भेद कशासाठी? विमान उड्डाणास योग्य असल्याची जबाबदारी ते नोंदणाऱ्या राष्ट्रावर असते, आणि ज्याच्यावर ही जबाबदारी आहे त्यानेच वैमानिकाची पारख करावी, हे न्याय्यच होय. परक्या आकाशात परवाना चालतो, तो त्यामागे उभ्या असलेल्या राष्ट्राच्या परीक्षेवर इतरांचा विश्वास असतो म्हणून. तो विश्वास राखणे हे जसे परीक्षकाचे कर्तव्य, तसेच परवाना खिशात घालून निघणाऱ्या प्रत्येक वैमानिकाचेही आहे.