डेबनहॅम हाउस : झिलईच्या विटांचा एक प्रयोग

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन कोळशाच्या धुराने काळवंडले होते. दगड काजळी शोषून घेतो. सबब इमारतीचा रंग पावसाने धुतल्या जाणाऱ्या झिलईतच भाजून काढावा, असे वास्तुविशारद हॅल्सी रिकार्डो यांचे प्रतिपादन होते. व्यापारी अर्नेस्ट डेबनहॅम यांच्यासाठी त्यांनी ॲडिसन रोडवर १९०५ ते १९०७ या काळात उभारलेले घर हे त्या मताचे मूर्त रूप होय. भिंतींत खाली बागेशी जुळणाऱ्या हिरव्या व वर आकाशाशी जुळणाऱ्या निळ्या विटा असून भोवतीची फिकट चौकट डोल्टन कारखान्याच्या ‘कॅरारा’ नामक भाजीव मातीची आहे. आत विल्यम डी मॉर्गन यांच्या लाद्या आहेत. त्यांवरील मोरांमुळे घराला ‘पीकॉक हाउस’ हेही नाव पडले. रिकार्डो १८८८ ते १८९८ पर्यंत डी मॉर्गन यांचे भागीदार होते, आणि त्यांचा फुलहॅमचा कारखाना १९०७ मध्येच बंद पडला. काजळीचा मुद्दा खरा असला, तरी रंगाची ओढ हेच मूळ कारण असावे. १९५६ च्या धूरविरोधी कायद्यानंतर पहिला मुद्दा क्षीण झाला, घराचे आकर्षण मात्र उणावले नाही. याच रिकार्डोंचे हावडा स्थानक मात्र साध्या तांबड्या विटांचे आहे.