दगडांत जपलेलीं तळीं

स्वच्छ तळ्याच्या उथळ कांठाशीं, पाण्याखालीं, एक हिरवी वनस्पती उभी असते. तिच्या कांडीवर ठराविक अंतरानें बारीक फांद्यांचे वेढे असतात. हातांत घेतली तर खरखरीत लागते आणि उग्र वास येतो. शास्त्रज्ञ हिला 'कारा' म्हणतात. हिला फूल नाहीं, खरें मूळही नाहीं. म्हणून हिची गणना शेवाळांत होते. पाण्यांतील चुना ती अंगावर सांठविते, यावरूनच इंग्रजींत तिला 'स्टोनवर्ट', म्हणजे दगडी वनस्पती, हें नांव पडलें. आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासाची एक साक्ष या क्षुद्र शेवाळानें जपून ठेविली आहे.

त्या साक्षीची भाषा प्रथम फ्रान्समध्यें उलगडली. पॅरिसच्या परिसरांतील खडकांत मोहरीहूनही लहान, मळसूत्री रेघांचे गोल खडे सांपडत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लामार्कसारख्या थोर शास्त्रज्ञानें ते सूक्ष्म प्राण्यांचे शंख मानिले व त्यांस 'गायरोगोनाइट' हें नांव दिलें. १८१२ सालीं लेमान यानें त्यांचें खरें स्वरूप ओळखिलें. जिवंत काराच्या फळाभोवतीं पांच नलिका पीळ घालून बसलेल्या असतात; तोच पीळ दगडांत उमटला होता. ते शंख नव्हते, चुन्यानें मढलेलीं फळें होतीं! नांव मात्र जुनेंच टिकलें.

हें ज्ञान हिंदुस्थानांतही उपयोगी पडलें. मद्रास इलाख्याच्या सेवेंतील डॉक्टर माल्कमसन यांस दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व भागांत, गोड्या पाण्यांतील शंखशिंपल्यांबरोबर, असेच खडे मिळाले. १८४० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत सोअर्बी यांनीं त्यांस 'कारा माल्कमसनी' असें नांव दिलें. पुढें १८५५ सालीं हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांनीं नागपूरच्या आसपासच्या अशाच थरांचें वर्णन केलें.

या खड्यांचें महत्त्व तें काय? कारा खुल्या समुद्रांत वाढत नाहीं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें तिचीं फळें व गोड्या पाण्यांतील शंख एकत्र सांपडले, तर तेथें एके काळीं तळें होतें, हें उघड आहे. अर्थात्, सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपली भूमि घडविणारा तो अग्निरस एकाच लोटांत आला नाहीं. मधून मधून तो थांबे. पाऊस पडे, खोलगट जागीं पाणी सांचे, त्यांत कारा रुजे, आणि मग पुढचा लोट येऊन सर्व झांकून टाकी.

त्या लोटांतूनही जिची खूण राहिली, ती कारा सांडपाण्यापुढें मात्र टिकत नाहीं. तिला सूर्यप्रकाश हवा. पाणी गढुळलें कीं ती नाहींशी होते. हॉलंडमधील फेलुवे सरोवरांतून १९६० नंतरच्या दशकांत ती अशीच लोपली. १९७९ पासून तेथें येणारें फॉस्फरस कमी करण्यांत आलें, आणि पाणी निवळल्यावर कांहीं वर्षांनीं ती परत आली. आपल्या गांवच्या तळ्यांत सांडपाणी सोडण्यापूर्वीं ही गोष्ट आपण ध्यानांत घ्यावी. दगडांतलें तळें वाचतां येतें. परंतु त्यांतलें पाणी कोणास पितां येत नाहीं.